अंगणातल्या कुत्र्याची लूत आणि आजीबाईचा बटवा





सातपुड्यातील पाड्यांवर आरोग्याचे काम करताना माणसांच्या औषधांविषयी जितके प्रश्न येतात, जवळजवळ तितकेच जनावरांविषयीही येतात. शेळी का चरत नाही, कोंबड्या एकाएकी का मरतात, आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, कुत्र्याला लूत लागली आहे, काय लावू?"

शहरातील आपल्या काही सहकाऱ्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरात एकेक घर आपापल्या शेतात असते. शेजार हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. कुडाच्या भिंतीमागे शेळ्या, कोंबड्या आणि लहान मुले झोपलेली असतात. बिबट्याची चाहूल पहिल्यांदा कुत्र्याला लागते. मक्यात डुकरे शिरली की तोच भुंकून मालकाला उठवतो. अशा कुत्र्याच्या अंगावरचे केस गेले, कातडी हत्तीसारखी जाड झाली, अंगाला दुर्गंधी सुटली की त्याला अंगणात कोणी येऊ देत नाही. तो रात्रभर खाजवत बसतो, खाणे सोडतो, राखण करीत नाही. शेवटी कोणी त्याला दूर नेऊन सोडतो, कोणी काठीने संपवतो, आणि कोणी हाताला लागेल ते त्याच्या अंगावर ओततो. ओतलेल्या त्या औषधाने मेलेले कुत्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन आपल्याला माहीत आहे. आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हे तेथे नीतिमान माणसाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. काळजी घ्यावी हे आपण मानतोच. ती कशी घ्यावी, एवढाच या पाठाचा विषय आहे. पाड्यावर औषधांचे दुकान नाही, पशुवैद्य दूर आहे, म्हणून लोक आजीबाईच्या बटव्याकडे वळतात. त्या बटव्यात खरोखर गुणकारी वस्तू आहेत आणि जीवघेण्याही आहेत. दोन्ही एकाच फडक्यात बांधलेल्या असल्यामुळे त्या निवडून वेगळ्या कराव्या लागतात.

निवडण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. पहिला, रोग नेमका कोणता? दुसरा, हे औषध कुत्र्याच्या पोटात गेले तर चालेल का? तिसरा, कुत्रा झोपतो त्या जागेचे काय केले?

1. रोग नेमका कोणता?

आपण कातडीच्या प्रत्येक दुखण्याला लूत म्हणतो. प्रत्यक्षात पाच-सहा निरनिराळी दुखणी या एका नावाखाली येतात.

खरजेची लूत: डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या जातीचा एक बारीक किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट येथे ती आधी दिसते. खाज भयंकर असते. एक जुनी खूण आहे. कुत्र्याच्या कानाची कड बोटांनी हलके चोळली की त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. असे झाले तर खरजेचा संशय धरावा. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते.

केसांच्या मुळांतली लूत: हिचाही किडाच असतो, पण तो वेगळा. तो केसांच्या मुळांत राहतो आणि पिल्लू पहिल्या काही दिवसांत अंगावर पीत असताना आईकडून त्याच्याकडे येतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या बाजूला आणि पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात. सुरुवातीला खाज फारशी नसते. ही माणसाला लागत नाही. वर्षाच्या आतील पिल्लाला एक-दोन चट्टे असतील तर ते बहुधा आपोआप बरे होतात. म्हणूनच "आम्ही अमुक पाला लावला आणि पिल्लू बरे झाले" असे अनेकदा ऐकू येते. पाला लावला नसता तरी ते पिल्लू बरे झाले असते. चट्टे सर्वांगावर पसरले किंवा मोठ्या कुत्र्याला आले, तर मात्र घरगुती उपायाने भागत नाही.

गोचीड आणि पिसवा: गोचीड कानात, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटतात. पिसवा असतील तर शेपटीच्या बुडाशी केस जातात आणि केसांत काळी भुकटी दिसते. ती भुकटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावी. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त समजावे.

गजकर्ण: ही बुरशी आहे. गोल चट्टा, तुटलेले केस आणि कडेला खपल्या दिसतात. ही कुत्र्याकडून माणसाला, विशेषतः मुलांना लागते.

ओली जखम आणि अळ्या: खाजवून कातडी फुटते, त्यात पू होतो, माशी बसते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात.

एकच औषध या सर्वांवर चालेल कसे? किड्यावरचे औषध बुरशीला लागू पडेलच असे नाही, आणि बुरशीवरचा पाला अळ्यांना पुरत नाही. "रक्त खराब झाले" किंवा "उष्णता झाली" असे आपण म्हणतो. युरोपातही शेकडो वर्षे खरजेचे कारण दूषित रक्त समजले जाई. 1687 साली इटलीतील वैद्य बोनोमो आणि औषधे करणारे चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहून त्याचे वर्णन लिहिले. कारण सापडले की कोणते औषध का लागू पडते हेही कळते. म्हणून आधी कुत्रा उजेडात आणून नीट पाहावा आणि मगच औषधाला हात घालावा.

2. मुलांची खरूज आणि कुत्र्यावरचा आळ

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे विनाकारण कुत्रे मारले जातात. एका पाड्यावर तीन भावंडांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती. घरचा कुत्राही लुतलेला होता. घरच्यांनी त्याला डोंगरापलीकडे नेऊन सोडले. महिना उलटला तरी मुले रात्री खाजवतच होती आणि घर राखणीविना राहिले.

कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर चढतो, चावतो आणि खाजही येते. पण माणसाच्या कातडीत त्याचा वंश टिकत नाही. कुत्र्याला उचलून घेताना जेथे स्पर्श होतो तेथे, म्हणजे हातांवर, पोटावर, मांड्यांवर बारीक पुरळ उठते आणि कुत्रा बरा झाला की काही आठवड्यांत ते जाते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत आणि बेंबीजवळ येणारी, रात्री वाढणारी आणि घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी खरूज ही बहुधा माणसाकडूनच आलेली असते. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रातील मलम घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते. त्या तिघा भावंडांचे घरच्या सर्वांसह असेच उपचार झाले तेव्हा ती बरी झाली. कुत्र्याला हाकलून मुलांची खरूज जात नाही. दोघांवरही आपापले उपचार करावेत.

3. पोटात गेले तर चालेल का?

माणसाच्या आणि कुत्र्याच्या उपचारांत एक मोठा फरक आहे. माणूस लावलेले मलम पुसत नाही. कुत्रा मात्र अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू चाटतो. जे कातडीवर लावले ते तासाभरात पोटात जाते. म्हणून हाताशी असलेल्या प्रत्येक औषधाविषयी विचारावे, हे मी त्याच्या भाकरीवर घातले असते का? उत्तर "नाही" असेल तर ते सर्वांगाला लावू नये.

चाटण्याविषयी आणखी एक. लूकच्या सोळाव्या अध्यायातील लाजराचे फोड कुत्रे चाटत होते, यावरून कुत्र्याच्या चाटण्याने जखम बरी होते अशी समजूत काही घरांत आहे. तेथे लाजराचे हाल सांगितले आहेत, औषध सांगितलेले नाही. कुत्र्याच्या लाळेतून रेबीज येऊ शकतो. आपली किंवा मुलांची उघडी जखम कुत्र्याला कधीही चाटू देऊ नये.

4. बटव्यातून ठेवावे असे

गंधक: जुन्या औषधांत खरजेवर खरा गुण देणारे हेच. आयुर्वेदात ते त्वचारोगांवर वापरतात आणि प्राचीन रोमन वैद्यकातही ते होते. गंधक किड्याला मारते आणि बुरशीवरही काही प्रमाणात काम करते. औषधांच्या दुकानातील शुद्ध गंधकाचे चूर्ण 10 ग्रॅम घेऊन 100 मिली कोमट खोबरेल तेलात घोटावे. तेल आधी गरम करून खाली उतरवावे आणि मग चूर्ण घालावे. गंधक चुलीजवळ नेऊ नये, ते पेट घेते आणि त्याचा धूर छातीला बाधतो. फवारणीसाठी मिळणारे शेतीचे गंधक वापरू नये, त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात.

आधी कुत्र्याला साध्या सौम्य साबणाने धुऊन खपल्या मऊ कराव्यात आणि पूर्ण वाळू द्यावे. मग तेल पातळ लावावे. सर्वांगावर लूत असेल तर एका दिवशी अंगाचा एक-तृतीयांश भाग घ्यावा. डोळे आणि तोंड टाळावे. तासभर कुत्र्याला बांधून किंवा खेळवत ठेवावे, म्हणजे चाटणार नाही. पुठ्ठ्याचा रुंद गळपट्टा करून घातला तरी चालतो. दर पाच-सात दिवसांनी हे पुन्हा करावे आणि चार-पाच आठवडे सोडू नये. एकदा लावून खाज कमी झाली की लोक थांबतात, आणि तेथेच घात होतो. अंड्यातून नवे किडे निघून त्यांची वाढ व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, ते पुन्हा डोके वर काढतात. लावणाऱ्या बहिणींनी हातातील चांदीचे कडे काढून ठेवावे, गंधकाने चांदी काळी पडते. लहान पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय लावू नये.

कडुलिंब: दोन ओंजळी पाला तीन-चार लिटर पाण्यात उकळून, गाळून, कोमट झाल्यावर त्याने अंग धुवावे. खाज शमते, पू कमी होतो, पिसवा थोड्या हटतात. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खरजेच्या 814 माणसांना कडुलिंब आणि हळद यांचा लेप लावला होता आणि त्यांतील 97 टक्के लोक 3 ते 15 दिवसांत बरे झाल्याचे नोंदवले आहे. पण ती माणसे होती. कुत्र्याच्या दाट केसांतून लेप कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि जो पोहोचतो तो चाटला जातो. म्हणून कुत्र्याच्या खरजेत कडुलिंब गंधकाच्या जोडीला ठेवावा, त्याच्या जागी नको.

हळद आणि खोबरेल तेल: ओरखडे, फुटलेली कातडी, भरत आलेली जखम यांवर चांगले. पोटात थोडे गेले तरी बाधत नाही. फार लावले तर चाटून जुलाब होतात.

मिठाचे पाणी: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे. ओली जखम याने दिवसातून दोनदा धुवावी. जखमेवर कोरडे मीठ कधीही चोळू नये.

करंजाचे तेल: कोरड्या चट्ट्यांवर थोडे लावायला हरकत नाही. ते कडू असते आणि जास्त पोटात गेले तर ओकारी होते, म्हणून सर्वांगाला चोपडू नये.

हाताने गोचीड काढणे: सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय. चिमट्याने किंवा दोन बोटांत फडके धरून गोचीड कातडीच्या अगदी जवळ पकडावी आणि सरळ ओढावी. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावी. नखाने चिरडू नये, कारण तिच्या अंगात रोगाचे जंतू असू शकतात. काडीने चटका देऊ नये.

निर्गुडीचा पाला: कुत्र्याच्या बसण्याच्या जागी पसरण्याची पद्धत आहे. ती चालू ठेवायला हरकत नाही, मात्र तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

5. बटव्यातून काढून टाकावे असे

यांतील काही उपायांनी पूर्वी कुत्रे बरे झालेले लोकांनी पाहिले आहेत, म्हणून ते खोटे बोलतात असे आपण म्हणू नये. काय घडते ते समजावून सांगावे.

जळके ऑइल: मोटारसायकलच्या गॅरेजमधून काळे ऑइल आणून सर्वांगाला चोपडतात. तेलाच्या थराखाली किडे गुदमरतात, म्हणून लूत कमी होते. हे काम खोबरेल तेलही करते. काळ्या ऑइलमध्ये मात्र इंजिनातील धातूंचे कण आणि जळून तयार झालेली विषारी द्रव्ये असतात. कुत्रा ते चाटतो, ओकतो, ते फुप्फुसात जाते आणि तो धापा टाकू लागतो. यकृत आणि मूत्रपिंडे बिघडतात. कुत्रा आठ दिवसांनी मरतो तेव्हा लोक म्हणतात, लूत पोटात गेली. पोटात ऑइल गेलेले असते.

रॉकेल, फिनाईल आणि डांबर गोळ्या: रॉकेलने कातडी भाजते आणि फुप्फुस सुजते. फिनाईल फरशीसाठी आहे, अंगासाठी नाही. डांबर गोळीने रक्तातील लाल पेशी फुटतात.

शेतातील फवारणीचे औषध: हा सर्वांत घातक प्रकार. उरलेले औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला त्याने धुतात. तोंडाला फेस, डोळ्यांची बाहुली बारीक, अंगाला थरथर, झटके, आणि काही तासांत मृत्यू. धुणाऱ्याच्या हातांतूनही ते विष शरीरात जाते. पूर्वी गॅमेक्झिनची पांढरी पावडर अशीच चोळत असत. त्या बीएचसीवर भारतात 1997 सालीच बंदी आली.

तंबाखूचे पाणी: किडे मरतात ते निकोटिनमुळे, आणि तेच निकोटिन कुत्र्यालाही मारते.

बिब्बा, रुईचा चीक आणि सीताफळाच्या बिया: बिब्ब्याने फोड येतात. रुईचा चीक आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळा जायबंदी होतो. खाजवणारा कुत्रा तोच पंजा डोळ्यांवर फिरवतो. मुलांच्या उवांसाठीही ही पूड लावू नये.

चुना आणि ओली राख: दोन्ही कातडी जाळतात.

कांदा-लसूण खाऊ घालणे: गोचीड पडतात म्हणून देतात. कांदा आणि लसूण या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. गोचिडांनी आधीच रक्त प्यायलेले असते, त्यात ही भर.

असे काही आधीच लावले गेले असेल तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, भांडी घासण्याचा पातळ साबण आणि कोमट पाणी यांनी कुत्र्याला पुन्हा पुन्हा धुवावे. ऑइल असेल तर आधी खाण्याचे तेल चोळून ते सैल करावे, पिठाने पुसावे आणि मग साबण लावावा. नंतर पशुवैद्याकडे न्यावे आणि काय लावले ते न लपवता सांगावे, कारण उतारा त्यावरच ठरतो.

6. झोपण्याच्या जागेचे काय केले?

पाड्यावरचा कुत्रा चुलीच्या ऊबदार राखेत, ओट्याच्या कोपऱ्यात किंवा जुन्या गोणपाटावर झोपतो. गोचिडीची मादी पोट भरले की कुत्र्यावरून उतरते आणि कुडाच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. पिसवांची अंडी धुळीत पडतात. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर जे दिसते ते थोडे आणि घराच्या कोपऱ्यात जे दिसत नाही ते जास्त. कुत्रा स्वच्छ करून त्याच गोणपाटावर झोपवला तर आठवड्यात सर्व परत येते.

जुने गोणपाट जाळावे. नवे दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवावे. कोपरे रोज झाडावेत आणि तो केर अंगणाबाहेर जाळावा. भिंतीच्या फटी मातीने लिंपून शेणाने सारवाव्यात. घरातील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावेत. कुत्रा धुतलेले पाणी झऱ्यात किंवा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ जाऊ देऊ नये.

7. कातडी पोटातून सुधारते

कुत्र्याला वर्षभर कोरडी भाकरी आणि ताटातील उरलेसुरले एवढेच मिळते. कातडी आणि केस प्रथिनांपासून बनतात. भाकरी डाळीच्या पाण्यात भिजवून द्यावी, जमेल तेव्हा अंडे, धुऊन मीठ काढलेली सुकट किंवा काटे नसलेली मासळी घालावी. चमचाभर खाण्याचे तेल भाकरीवर टाकावे. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून जंताचे औषध पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे घ्यावे. अन्न सुधारले की तेच गंधक आणि तोच कडुलिंब अधिक गुण देतो.

8. घरगुती उपाय कोठे थांबवावा?

तीन आठवडे नेटाने करूनही फरक नाही, चट्टे सर्वांगावर पसरले, जखमेत अळ्या पडल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी तांबडी झाली, ताप आला, खाणे बंद झाले किंवा पिल्लू अगदी लहान आहे, यांपैकी काहीही असेल तर बटवा बाजूला ठेवावा. आज खरजेवर वजनाप्रमाणे देण्याची इंजेक्शने आणि खाण्याच्या गोळ्या आहेत आणि त्या घरगुती उपायांपेक्षा लवकर गुण देतात. आयव्हरमेक्टिन या औषधाच्या मुळाशी असलेल्या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण गुरांसाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. काही जातींच्या कुत्र्यांना ते अजिबात सोसत नाही, आणि मात्रा चुकली तर कोणताही कुत्रा दगावतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यालाही तपासतात. 1962 या मोफत क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची माहिती मिळते. पाड्यावर मोबाइलला रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी फोन करावा.

रेबीजची लस विसरू नये. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस आणि नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुढच्या लसी. खाजेने बेजार झालेला कुत्रा मालकालाही चावतो. औषध लावण्याआधी फडक्याच्या पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे आणि लहान मुलांकडे हे काम देऊ नये. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. हळद, तिखट किंवा चुना जखमेत भरू नये. अनोळखी, लाळ गाळणारा, चाल बदललेला कुत्रा लुतलेला दिसला तरी त्याला हात लावू नये.

9. गटात चर्चेसाठी

हा पाठ महिला मंडळात किंवा तरुण संघात वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

1. आपल्या भागात कुत्र्याच्या लुतीवर काय काय लावतात? यादी करा आणि प्रत्येकापुढे "चाटले तर चालेल" किंवा "चालणार नाही" असे लिहा.
2. मुलांच्या अंगावरील खाज कोणत्या जागी आहे ते पाहून ती माणसाकडून आली की कुत्र्याकडून, हे कसे ओळखाल?
3. आपल्या पाड्यापासून पशुवैद्यकीय दवाखाना किती दूर आहे? बाजाराच्या दिवशी दोन-तीन घरांचे कुत्रे एकत्र नेता येतील का?
4. घरातील म्हाताऱ्या माणसांचे औषध चुकीचे आहे असे वाटले तर त्यांचा मान राखून ते कसे सांगाल?

शेवटच्या प्रश्नाला वेळ द्यावा. पाड्यावरील वडीलधाऱ्या आजीला कडुलिंब, करंज आणि निर्गुडी यांची ओळख आपल्यापेक्षा जास्त असते. तिच्यासमोर बसून आधी तिचे ऐकावे. "आजी, तुमचा पाला चांगलाच आहे, त्याने धुऊ या, आणि वरून ऑइलच्या जागी हे गंधकाचे तेल लावू या" असे म्हटले की ती सहसा नाही म्हणत नाही. तिच्या बटव्यातील एक वस्तू बदलायची असते, तिचा बटवा हिसकावून घ्यायचा नसतो.

भेटीसाठी पाड्यांवर येणाऱ्या मंडळींनी कपडे आणि वह्यांबरोबर शुद्ध गंधकाच्या दोन-चार पुड्या, खोबरेल तेल, साबण आणि गोचीड काढण्याचे चिमटे आणावेत. खर्च थोडा आहे. पावसाळ्याआधी आले तर अधिक बरे, कारण एकदा जखमेत अळ्या पडू लागल्या की घरी करण्यासारखे फार थोडे उरते.

आपली,
पाड्यांवरील एक कार्यकर्ती